पूर किती फूट आला यापेक्षा किती दिवस थांबला

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी वडिलांचं साडेतीन एकर रान आहे, त्यात ऊस. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर त्या रानावरून गेले. मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि त्याला चार गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्याकडे धड पाऊस नसताना पूर येतो कसा? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे येतो हे खरं का? पुराच्या गाळानं जमीन सुधारते असं आजोबा म्हणायचे, ते आज लागू आहे का? आणि रान ठेवावं की विकावं?

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. त्यातली बरीच वर्षं कृष्णा खोऱ्यात, पावसाळ्यात चोवीस तास पाणीपातळ्या घेण्यात आणि फोन उचलण्यात गेली. आता मीही ऊसवालाच आहे. तेव्हा खात्याची बाजू आणि रानाची बाजू, दोन्ही सांगतो.

पुराच्या बातम्यांत फूट सांगतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. २०१९ ला आयर्विनवर साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पाणी गेलं. हे आकडे माणसं वेळेत हलवायला लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण नुकसान किती झालं हे त्या आकड्यावरून कळत नाही. दोन दिवसांत उतरलेलं पन्नास फूट पाणी ऊस सोडून देतं. दहा दिवस थांबलेलं सेहेचाळीस फूट पाणी रान, घर, विहीर आणि पुढच्या वर्षाची उसाची लागण, सगळं घेऊन जातं. आपल्या भागातल्या पुराचा खरा स्वभाव हा थांबण्याचा आहे. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

आधी पाणी येतं कुठून ते बघू. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. शिरोळात पाचशे-सहाशे. मधलं अंतर शंभर किलोमीटरही नाही. म्हणजे तुमच्या वडिलांच्या बांधावर ऊन पडलेलं असताना घाटमाथ्यावर आभाळ फाटलेलं असू शकतं, आणि ते पाणी एक-दोन दिवसांनी तुमच्या दारात येतं. येतंही एकट्यानं नाही. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिळते, वारणा सांगलीशेजारी हरिपूरला, पंचगंगा नरसोबावाडीला, आणि दूधगंगा तिच्या खाली सीमेजवळ. शिरोळ तालुका या सगळ्यांच्या तोंडाशी बसलाय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेच्या लेकी वेगळ्याच.

धरणांचा हिशेब एकदा स्वतः करून बघा, म्हणजे बातम्या वाचताना गोंधळ होणार नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी पूर्ण दिवसभर सोडलं की एक टीएमसी होतं. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, वारणेची ३४. कोयनेतून एक लाख क्युसेक सोडले तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली येतं आणि सांगलीला पोचायला साधारण एक ते दीड दिवस घेतं. उलट राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक. सातही दरवाजे उघडले तरी दहा हजाराच्या आसपास. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की कोल्हापुरात धाकधूक सुरू होते, पण पंचगंगेचा महापूर या दहा हजारांत होत नाही. तो होतो धरणांच्या खाली पडलेल्या पावसानं. त्या पावसावर कुणाचा दरवाजा नाही. आम्ही त्याला मुक्त पाणलोट म्हणायचो.

२०१९ आणि २०२१ मधला फरक इथेच दिसतो. २०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत पाऊस थांबायलाच तयार नव्हता आणि धरणं भरत आलेली होती, त्यामुळे वरून येईल ते खाली सोडणं भाग पडलं. २०२१ ला २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कोयना तेव्हा काठोकाठ भरलेली नव्हती, तिनं बरंच पाणी पोटात घेतलं, तरीही सांगली-कोल्हापूर बुडालं. जो म्हणतो की धरणं आधी रिकामी ठेवली असती तर पूर आलाच नसता, त्याला २०२१ चं उत्तर देता येत नाही. जो म्हणतो की धरणांच्या नियोजनाचा पुराशी संबंधच नाही, त्याला २०१९ चं देता येत नाही. जुलैअखेर धरणात किती जागा मोकळी ठेवायची हा दरवर्षीचा जुगार आहे. मोकळी ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर मार्चमध्ये हीच माणसं पाण्यासाठी कार्यालयावर मोर्चा आणतात. टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्यात, म्हणून इतकंच म्हणतो की हा निर्णय एका अधिकाऱ्याच्या धाडसावर सोडू नये.

आता अलमट्टी. या विषयावर माझ्या गावातसुद्धा लोक माझ्याशी भांडतात. अलमट्टीची पूर्ण पाणीपातळी ५१९.६० मीटर आहे. राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी समुद्रसपाटीपासून मोजली तर ५४३ मीटरच्या आसपास येते. दोन्हींत वीस मीटरहून जास्त फरक, आणि नदीच्या वाटेनं दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनंही या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. मला ते पटतं. पण म्हणून हा विषय बंद झाला असं समजू नका. अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला कर्नाटकाला कृष्णा पाणीवाटप लवादानं मुभा दिलेली आहे. पुराच्या वेळी नदीचं पाणी तलावासारखं सपाट नसतं, ते उताराला असतं. खालचं टोक साडेचार मीटरनं उचललं तर त्या उताराचं काय होईल, मधल्या हिप्परगी बंधाऱ्याशी त्याचा मेळ कसा बसेल, हे गणित पुराच्या विसर्गावर आणि गाळाच्या हिशेबासकट मांडायला हवं. सभेतल्या भाषणांवर ते सुटत नाही. महाराष्ट्राचा विरोध मला म्हणूनच वाजवी वाटतो. मात्र आजवरच्या पुरांना अलमट्टीच जबाबदार धरून बसलो की आपल्याच हद्दीतली कारणं नजरेआड होतात, आणि ती बरीच आहेत.

पहिलं कारण जमिनीचा उतार. कराडच्या खाली कृष्णा लोळत चालते. सांगलीच्या पुढे तर ती इतकी सपाट आणि इतकी वळणावळणाची आहे की पाण्याला पुढे जायची घाईच नसते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी नरसोबावाडीला तिच्यात शिरू शकत नाही, मागे फुगतं. आपल्याकडे त्याला फूग म्हणतात. फुगीचं पाणी अंगावर धावून येत नाही. ओढ्यातून, नाल्यातून, उलट्या दिशेनं इंचाइंचानं चढतं. कोल्हापुरात जयंती नाल्यातून ते शहरात येतं, सांगलीत शेरीनाल्यातून. नदीकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून पाणी येतं ते असं.

दुसरं कारण आपण केलेलं. सांगलीच्या जुन्या लोकांना ‘ओत’ म्हणजे काय ते माहीत आहे. नदी भरली की पाणी ज्या सखल पट्ट्यांत पसरायचं आणि नदी उतरली की ज्यांतून परत जायचं, ते ओत. त्यांत भराव टाकून प्लॉट पडले. पाणी पसरायची जागा गेली हे तर झालंच, पण परत जायची वाटही बुजली, आणि माझ्या मते हे जास्त वाईट झालं. रस्त्यांचं तसंच. पुलाची कमान नदीच्या पात्रापुरती ठेवायची आणि दोन्ही बाजूंना अर्धा-एक किलोमीटर मातीचा भराव करायचा, म्हणजे पूररेषेच्या आत आडवा बांध घालण्यासारखं आहे. भरावात पुरेशा मोऱ्या नसतील तर वरच्या अंगाचं पाणी एक-दोन दिवस उशिरा उतरतं. आकड्यांत पाहिलं तर पातळी थोडीच वाढलेली दिसते. पण मुक्काम वाढतो.

कोकणात पुराचा स्वभाव याच्या उलट. २०२१ च्या त्याच पावसात चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी रात्रीत बाजारपेठेत शिरलं. तिथे पाण्याचा वेग माणसं मारतो, पण ते लवकर ओसरतं. आपल्याकडचं पाणी संथ असतं, आणि त्या संथपणानंच माणूस फसतो. पायरीवर खडूची खूण करायची, तासानं बघायचं, ‘दोनच बोटं चढलंय’ म्हणायचं आणि जेवायला बसायचं. नरसोबावाडीला तर चढत्या पाण्यात दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी गर्दी होते. नदीशी आपलं इतकं घरोब्याचं नातं, त्यामुळे भीती उशिरा वाटते. २०१९ ला कित्येक घरं ‘२००५ ला पाणी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं’ या हिशेबावर थांबून राहिली. त्या वर्षीचं पाणी त्या खुणेच्या तीन फुटांहून वर गेलं. तोवर रस्ते बंद, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, आणि बोटी अपुऱ्या. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून डझनाहून जास्त माणसं गेली. ती पाण्यानं वेढलेल्या गावातून बाहेर पडायला निघालेली माणसं होती. जुन्या पुराची खूण ही हमी समजू नका, घरच्यांनाही समजू देऊ नका.

थांबलेलं पाणी घराचं काय करतं ते गावाकडे जाऊन बघा. पांढऱ्या मातीची भिंत पाणी चढताना सहसा उभी राहते. दोन्ही बाजूंनी पाण्याचा दाब सारखा असतो. आठ दिवस ती पाणी पीत राहते, आणि पाणी उतरू लागलं की बाहेरचा आधार जातो, आतली माती जड आणि मऊ झालेली असते, मग भिंत बसते. म्हणून पूर ओसरल्यावर लगेच घरात शिरून साफसफाई सुरू करणं धोक्याचं. भिंतीला खालून पोपडे सुटलेत का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, हे आधी बाहेरून बघायचं. नदीचा काठही असाच ढासळतो. पूर भरात असताना काठ टिकतो, पाणी झपाट्यानं खाली गेलं की भिजलेल्या काठाचे ढपले सुटतात. सात-बाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं, रान मात्र कमी होतं.

जमिनीखालीही पाणी पोचतं. हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकली असतील. अरुंद तोंडाची, वीस-पंचवीस फूट खोल, त्या विशिष्ट मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं आणि पिढ्यांचा भरवसा उडाला.

आता गाळ आणि ऊस. आजोबा चुकीचं बोलत नव्हते. त्यांच्या काळातलं मळीचं, म्हणजे नदीकाठचं गाळाचं रान पुरावरच पोसलं जायचं. पाणी यायचं, दोन-तीन दिवसांत जायचं, पातळ थर सोडायचं, आणि त्यावर रब्बीचं पीक फुकटात यायचं. दोन गोष्टी बदलल्या. वरची पोयटा माती आता बऱ्याच प्रमाणात धरणांच्या तळाशी बसते. आणि साचून राहिलेल्या पाण्यातून बसतो तो अगदी बारीक, चिकट गाळ. तो सुकला की पापुद्र्यासारखा कडक होतो, जमिनीची तोंडं बंद करतो. काळ्या रानात पाणी आठ दिवस थांबलं की आतला प्राणवायू संपतो. पूर ओसरल्यावर फूटभर खणून माती हातात घ्या. निळसर करडी झाली असेल आणि गटारासारखा वास येत असेल, तर मुळं गुदमरली असं समजा. अशा मातीतलं नत्र काही हवेत उडून जातं आणि काही वाहून जातं, म्हणून पुरानंतर ऊस पिवळा पडतो. आता त्यावर एकदम युरियाची पोती रिकामी करू नका, ते रान पचवू शकत नाही.

ऊस वाचेल की नाही हे शेंड्यावर ठरतं. शेंडा पाण्याबाहेर राहिला असेल तर पानं चिखलानं माखली तरी ऊस उठतो. शेंडा बुडाला असेल तर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसतो. एक-दोन ऊस घ्या आणि पोंगा उभा फाडून बघा. आतली कोवळी सुरळी पांढरी, टणक असेल तर जीव आहे. तपकिरी, बुळबुळीत झाली असेल आणि ओढल्यावर सहज हातात येत असेल, तर तो ऊस आता वाढणार नाही. पुढे कांडीवरचे डोळे फुटतात, पांगशा (बाजूचे फुटवे) निघतात, उसात पोकळी पडते आणि साखरेचा उतारा घसरतो. असा ऊस लवकर तोडायला कारखान्याच्या गटकार्यालयात ताबडतोब नोंद द्या आणि त्याचं बेणं कुणी फुकट दिलं तरी लावू नका. जिवंत उसात मात्र आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं, वाफसा आल्यावर (माती ओलसर पण मोकळी झाल्यावर) पापुद्रा फोडायचा, आणि मग नत्र-पालाश थोडं थोडं, दोन-तीन हप्त्यांत द्यायचं. वाफशाआधी रानात ट्रॅक्टर घातला तर जमीन विटेसारखी होईल.

तुमच्या वडिलांना माझा एकच हट्टाचा सल्ला असेल: त्या रानात आडसाली लागण बंद करा. आडसाली लागते १५ जुलै ते ऑगस्टअखेर, म्हणजे नेमकी पुराच्या तोंडी. वीतभर कोंब चार दिवस गाळाखाली राहिले की संपले, बियाणं आणि मशागत पाण्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण पुढच्या ऑगस्टपर्यंत डोक्याच्या वर जाते आणि शेंडा बाहेर राहायची शक्यता वाढते. आडसालीला टनेज जास्त, हे मला ठाऊक आहे. पण दोन महापुरांच्या वर्षांचा हिशेब धरून सरासरी काढा आणि मग बोलू. सोयाबीन-भुईमूग तर तिथे नकोच, ती पिकं तुंबलेल्या पाण्यात काही दिवसांत जातात.

शिरोळच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. पुराआधीच तिथली बरीच रानं क्षारपड (क्षार साचून नापीक) झालीत, जास्त पाण्यामुळे आणि निचरा नसल्यामुळे. अशा रानात पुराचं पाणी वरून उतरलं तरी खालून हलत नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करायचं मोठं काम झालं आहे, आणि पीक न येणाऱ्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला आहे. एकट्यानं हे परवडत नाही. मुख्य पाईपलाईन ओढ्यापर्यंत न्यावी लागते, म्हणून शेजारची रानं सोबत लागतात. क्षाराची थोडी तक्रार असेल तर को ८६०३२ या उसाच्या जातीऐवजी ०२६५ ही जात लावून बघायला हरकत नाही.

माणसांच्या नुकसानीत एक जण नेहमी सुटतो. पंचनामा सात-बाऱ्यावर होतो, ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान धरलं जातं आणि मदत मालकाच्या खात्यावर येते. प्रत्यक्ष रान कसणारा वाटेकरी आणि ऊसतोडीवर, गोठ्यावर रोजंदारी करणारा मजूर यांच्या नावावर काहीच नसतं. पंधरा दिवस मजुरी बंद, भांडीकुंडी गेलेली, आणि कागद नाही. तुमच्या रानात वाटेकरी असेल तर मदतीतला त्याचा हिस्सा आधीच बोलून ठेवा. पिण्याच्या पाण्याचं भानही सुटतं. पुरात उपसा केंद्रंच बुडतात. कोल्हापूर शहरात दोन्ही महापुरांत चहूकडे पाणी आणि नळ कोरडे, अशी गत झाली होती. गावातली विहीर पूर्ण उपसून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, तपासणी होईपर्यंत पाणी उकळूनच प्या. चिखलात अनवाणी काम केलं असेल आणि ताप आला, तर डॉक्टरांना पुराचं आवर्जून सांगा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संशय वेळेत यायला हवा.

रान विकावं का? मी विकणार नाही. पूर सोडला तर कृष्णाकाठच्या मळीसारखी जमीन मिळत नाही आणि महापुरानंतर भावही पडलेला असतो. घराचं मात्र वेगळं. पाटबंधारे खात्यानं आखलेल्या पूररेषांच्या नकाशावर तुमचा गट नंबर बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम करायचंच नाही, दोन्हींच्या मध्ये निर्बंध पाळून. ‘शंभर वर्षांतून एकदा’चा अर्थ आता शंभर वर्षं सुट्टी असा नाही, हे तुम्ही दोन वर्षांच्या अंतरानं पाहिलंच आहे. जुनं घर निळ्या रेषेच्या आत असेल तर राहतं घर आणि गोठा गावाच्या उंच अंगाला हलवा, रान आहे तिथेच राहू द्या. आणि गोठा आधी हलवा. पुरात माणसं शेवटपर्यंत घरात अडकून राहतात ती बहुतेक वेळा दावणीला बांधलेल्या म्हशींमुळे. जनावरं वर असली की वडील पहिल्या सांगण्यात घर सोडतील.